बार्शी लाइटची विलायती बहीण

कुर्डुवाडीहून बार्शीकडे जाणारी अरुंदमापी गाडी ज्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे अशी माणसे अजून आपल्यात पुष्कळ आहेत. त्या गाडीच्या संथपणाचे किस्से इतके झाले की, रेंगाळणाऱ्या कोणत्याही कारभाराला ‘बार्शी लाइट’ म्हणण्याची चाल पडली. धावत्या गाडीतून उतरून शेतातले चार हरभरे उपटून पुन्हा त्याच डब्यात चढणाऱ्या उतारूची गोष्ट या मुलखात ज्याने ऐकली नाही असा माणूस विरळा. आम्हांला आज या गाडीची थट्टा करावयाची नाही. तिच्या एका विलायती बहिणीचा इतिहास सांगावयाचा आहे. ही बहीण इंग्लंडमधील स्टॅफर्डशायर परगण्यात जन्मली, उणीपुरी तीस वर्षे जगली आणि १९३४ साली गेली. पण ती जेथून धावत असे त्या आठ मैलांच्या पट्टीवरून माणसे आजही चालत आहेत. बंद पडलेल्या रेल्वेची सार्वजनिक पाऊलवाट करण्याचे इंग्लंडातील जे अगदी आरंभीचे प्रयोग झाले, त्यांत या वाटेची गणना होते. हे कसे घडले हे पाहताना आपल्या बार्शीलाही काही विचारण्याजोगे निघते की काय, हा आमच्या मनातला हेतू आहे, तो आधीच सांगून ठेवतो.

या दोन्ही बहिणींचा जनक एकच. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप हे त्याचे नाव. १८५७ साली जन्मलेला हा इंजिनिअर १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. त्या वेळी मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा लोहमार्ग तयार होऊन वीस-बावीस वर्षे लोटली होती. परंतु बार्शीसारखी कापसाची आणि गळिताच्या धान्याची भरभराटलेली पेठ त्या मार्गापासून वीस मैलांवर बाजूला पडली होती. पेठेतला माल स्टेशनापर्यंत बैलगाड्यांनी यावयाचा आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीतल्या चिखलात गाड्या रुतून बसावयाच्या. हे पाहून कॅल्थ्रॉपच्या मनात असे आले की, मोठ्या रेल्वेला पोटफाटे जोडावयाचे तर ते मोठ्या रेल्वेच्याच मापाने बांधण्याचे कारण नाही. अडीच फूट रुंदीचे, हलक्या रुळांचे, थोड्या खर्चाचे फाटे काढावेत. सरकारदरबारी या कल्पनेचा पाठपुरावा करण्यात त्याची कित्येक वर्षे गेली, नोकरीही सुटली. अखेर १८९५ साली बार्शी लाइट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडीपासून, म्हणजे त्या वेळच्या बार्शी रोडपासून, बार्शी गावापर्यंत गाडी धावू लागली.

कॅल्थ्रॉपची खरी युक्ती रुळांच्या अंतरात नव्हती. हलक्या रेल्वेचे रूळ हलके. त्यांवर एखादे जड चाक आले की ते वाकणार. यास्तव त्याने असा नियम घातला की, इंजिन असो वा वाघीण असो, कोणत्याही एका आसावर पाच टनांहून अधिक भार पडता कामा नये. भार वाढला तर आस वाढवावेत. मग इंजिनाला चाके पुष्कळ लागली तरी हरकत नाही, पण रूळ आणि पूल स्वस्तात होतात. दाबलेल्या पोलादाच्या सांगाड्यांचे लांबलचक डबे आणि वाघिणी त्याने या हिशेबाने करविल्या. तो सगळा सरंजाम बार्शीला पाठविण्यापूर्वी लीड्स शहराजवळ तात्पुरते रूळ टाकून तो चालवूनही दाखविण्यात आला. बार्शी लाइटला आपण हसत आलो, पण त्या काळच्या हलक्या रेल्वेच्या जाणकारांमध्ये तिच्याकडे नमुना म्हणून पाहिले जात असे.

आता स्टॅफर्डशायरकडे वळू. १८९६ साली ब्रिटिश पार्लमेंटने हलक्या रेल्वेसंबंधी कायदा केला. खेड्यापाड्यांतील शेती बसत चालली होती. तेथील दूध-लोणी शहरांत लवकर पोचावे यासाठी थोड्या भांडवलात, थोड्या नियमांत रेल्वे बांधता यावी असा त्याचा उद्देश होता. लीक हे रेशमाच्या रंगाऱ्यांचे गाव. त्याच्या पूर्वेस हॅम्प्स आणि मॅनिफोल्ड या दोन लहान नद्यांनी चुनखडीचे डोंगर कोरून अरुंद, वळणावळणाची खोरी केली आहेत. तेथे रेल्वे न्यावयाची तर ती अरुंदमापीच न्यावी लागणार. मग अशा रेल्वेचा अनुभव असलेला मनुष्य कोण, तर बार्शीवाला कॅल्थ्रॉप! त्यालाच इंजिनिअर नेमण्यात आले. हिंदुस्थानातून विलायतेस कच्चा माल जातो आणि पक्का होऊन परत येतो, असे आपण शिकत आलो. येथे सोलापूर जिल्ह्याच्या माळावर सिद्ध झालेली पद्धत इंग्लंडच्या डोंगरात गेली. तेथील रुळांची रुंदी बार्शीइतकीच, म्हणजे अडीच फूट, ठरली. दोन्ही टोकांना सज्जे असलेले डबे उष्ण देशांतल्या गाड्यांच्या घाटाचे होते. त्यांना फिकट पिवळा रंग दिला होता. इंजिने दोनच होती. एकाला कॅल्थ्रॉपचे, तर दुसऱ्याला त्याच्या जोडीच्या इंजिनिअरचे, अर्ल याचे, नाव दिले होते. माळरानावर गुरे दिसावीत म्हणून वसाहतींतल्या इंजिनांना जसा समोर थोरला दिवा असे, तसा तो यांनाही लावला होता. आठ मैलांच्या दरीत त्याचा काय उपयोग, असे कोणी विचारले असल्यास नवल नाही.

२७ जून १९०४ रोजी वॉटरहाउसेस ते हल्म एंड अशी सव्वाआठ मैलांची ही रेल्वे सुरू झाली. तिच्या मार्गात स्वेन्स्ली येथे सुमारे दीडशे मीटर लांबीचा एक बोगदा आहे आणि त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. तेथील वाड्यात सर टॉमस वॉर्डल यांचे कुटुंब राहत असे. हे वॉर्डल लीकचे नामांकित रंगारी. आपल्याकडील टसर रेशमाला रंग नीट चढत नाही ही जुनी अडचण त्यांनी प्रयोग करकरून सोडविली होती. त्यासाठी १८८५-८६ मध्ये ते हिंदुस्थान हिंडूनही गेले होते. कवी आणि कारागीर म्हणून गाजलेले विल्यम मॉरिस त्यांच्याच रंगशाळेत नीळ आणि मंजिष्ठा यांचे धडे गिरवीत बसत. वॉर्डलांचा या रेल्वेला पाठिंबा होता, तिच्यात त्यांचा पैसाही होता; मात्र ती घराच्या खिडकीतून दिसू नये अशी इच्छा होती. म्हणून बोगदा! रेल्वे हवी, पण दुसऱ्याच्या खिडकीसमोरून जावी, हा न्याय सर्व देशांत सारखाच दिसतो.

या रेल्वेत आणखी एक नवी सोय होती. अरुंदमापी आणि रुंदमापी मार्ग जेथे मिळतात तेथे माल एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागतो. कुर्डुवाडीच्या हमालांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची भाकरी या उतरा-चढीवरच भाजली गेली. मॅनिफोल्डच्या रेल्वेत मात्र बसक्या चौकटीच्या अशा गाड्या होत्या की, मोठ्या मापाची वाघीण भरल्या मालासह त्यांच्या पाठीवर चढवून थेट आत न्यावी. ब्रिटनमध्ये ही योजना प्रथम तेथेच झाली.

एवढी हुशारी असूनही ही रेल्वे चालली नाही. एका मजुराचे म्हणून एक बोलणे तिकडे सांगतात, त्याचा आशय असा की, मार्ग झकास आहे खरा, पण तो कोठूनही निघत नाही आणि कोठेही पोचत नाही. यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. हल्म एंड म्हणजे चार घरांचे ठिकाण. जवळच्या एक्टन टेकडीत तांब्याच्या मोठ्या खाणी होत्या आणि अठराव्या शतकात त्यांनी डेव्हनशायरच्या ड्यूकांना धनाच्या राशी दिल्या होत्या. पण रेल्वे आली तेव्हा त्या खाणी बंद झालेल्या होत्या. स्टेशने दरीच्या तळाशी आणि गावे वर डोंगरमाथ्यावर. दुधाचा डबा घेऊन खाली उतरणे ठीक, परंतु बाजार करून संध्याकाळी पुन्हा वर चढणार कोण? पुढे मोटारबस थेट गावात येऊ लागली आणि उतारू तिकडे गेले. सुटीच्या दिवशी शहरांतून हौशी मंडळी येत तेव्हा डबे अपुरे पडत आणि एरवी रिकामे धावत. एक्टनला दुधाचा एक कारखाना होता, त्याने काही वर्षे या रेल्वेला जगविले. १९३२ मध्ये तो बंद झाला आणि दूध सडकेने जाऊ लागले. १९२३ पासून ही रेल्वे लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश या बड्या कंपनीच्या पदरात होती. तिने हिशेब मांडला आणि मार्च १९३४ मध्ये शेवटची गाडी सोडली.

बार्शीचे याच्या उलट झाले. तिला कापूस होता, शेंगा होत्या, आणि सर्वांत मोठे म्हणजे तिला पंढरपूर होते. कंपनीने पंढरपूरकडे फाटा नेला, १९११ साली लातूर गाठले, १९२७ मध्ये मिरज गाठली. कुर्डुवाडी मध्ये ठेवून दोहों अंगांनी पसरलेली ही रेल्वे अखेर सुमारे २०२ मैलांची झाली. आषाढी-कार्तिकीला तिच्या टपावरसुद्धा माणसे असत. रेल्वे आली म्हणून आळंदी-देहूची पायी वारी थांबली नाही हेही खरे. ज्याला चालावयाचे तो चालत राहिला आणि ज्याच्याने चालवत नव्हते तो गाडीत बसला. एकाच मनुष्याने एकाच सिद्धांतावर आखलेल्या दोन रेल्वे, आणि एक तीस वर्षांत गेली तर दुसरी शंभर वर्षे टिकली. यात इंजिनिअरचे यश-अपयश कितपत, असा प्रश्न पडतो. स्वतः कॅल्थ्रॉपचे लक्ष तोवर भलतीकडेच गेले होते. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स १९१० मध्ये विमान कोसळून मृत्यू पावला, आणि पुढे कॅल्थ्रॉपने वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार करण्यात आपला काळ घालविला. १९२७ मध्ये, म्हणजे मिरजेला त्याची रेल्वे पोचली त्याच वर्षी, तो वारला.

आता आमच्या मुख्य विषयाकडे येतो. रेल्वे बंद पडली की तिचे रूळ भंगारात जातात. डबे कोणी शेतकरी कोंबड्यांसाठी नेतो. उरते ती रुळाखालची जमीन. ही जमीन मोठी विचित्र असते. तिची रुंदी पाच-सात यार्डांची आणि लांबी मैलोगणती. शेतीला ती निरुपयोगी, घराला निरुपयोगी. तिची सगळी किंमत ती अखंड असण्यात आहे. मधला एक पूल कोणी पाडला, एक खिंड कचऱ्याने बुजविली, दोन शेतकऱ्यांनी आपापल्या बांधात तिचे तुकडे ओढून घेतले, की बाकीचे सात मैल असून नसून सारखेच. आणि एकदा तुटलेली पट्टी पुन्हा सांधावयाची म्हणजे पन्नास मालकांची मनधरणी करीत बसावे लागते. येथे कंपनीने ही पट्टी तुकड्यांनी विकली नाही. ती संबंध स्टॅफर्डशायरच्या काउंटी कौन्सिलच्या, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेच्या, स्वाधीन केली. कौन्सिलने रूळ निघाल्यावर तीवर डांबराचा अरुंद थर घातला, पूल राखले आणि जुलै १९३७ मध्ये ‘मॅनिफोल्ड वे’ या नावाने ती पायी चालणारांसाठी खुली केली. खुली करण्याच्या समारंभाला त्या रेल्वे कंपनीचे अध्यक्ष सर जोसाया स्टॅम्प स्वतः आले होते. आपल्याच रेल्वेच्या जागेवर पाऊलवाटेचे उद्घाटन करण्याचा प्रसंग रेल्वेच्या अध्यक्षावर क्वचितच येतो.

त्या वेळी याचे महत्त्व काय होते हे कळण्यास एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हा सगळा मुलूख पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ प्रदेशाच्या कडेचा. त्याच प्रदेशाच्या उत्तर अंगास, किंडर स्काउट नावाच्या पठारावर, एप्रिल १९३२ मध्ये मँचेस्टर-शेफील्डच्या गिरण्या-कारखान्यांतील तरुण कामगार मुद्दाम हद्द ओलांडून गेले होते. जमीनदारांनी ती पठारे पाखरांच्या शिकारीसाठी राखून ठेवली होती आणि इतरांस तेथे पाऊल टाकण्याची बंदी होती. राखणदारांशी झटापट झाली आणि पाच तरुणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. रविवारी मोकळ्या हवेत चालावे एवढ्यासाठी जेथे तुरुंगात जावे लागत होते, त्या प्रदेशात पाच वर्षांनी एका सार्वजनिक संस्थेने आठ मैलांची वाट कोणाचीही परवानगी न मागता चाला म्हणून मोकळी केली. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान झाले ते त्यानंतर, १९५१ साली. मॅनिफोल्डची दरी आज त्याच उद्यानात मोडते.

रेल्वेच्या जागी केलेल्या वाटेचा गुण तिच्या चढणीत असतो. इंजिनाला उभा चढ चढवत नाही. म्हणून इंजिनिअर डोंगर कापतो, भराव घालतो, नदी पुन्हा पुन्हा ओलांडतो, आणि चढ इतका मंद ठेवतो की पायाला तो जाणवत नाही. इंजिनासाठी केलेली ही सगळी मेहनत पुढे म्हाताऱ्या माणसाच्या, तान्ह्या मुलाला बाबागाडीतून नेणाऱ्या आईच्या आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या अपंगाच्या कामी येते. वाटेवर दरीच्या कड्यात उंचावर थॉर्स केव्ह नावाची मोठी गुहा आहे. तिथवर पोचणारी वाट मात्र डोंगरवाटच आहे, दम लागतोच. खालची रेल्वेची वाट नदीकाठाने सरळ निघून जाते. ही नदीही गमतीची आहे. उन्हाळ्यात वेटन मिलच्या खाली ती चुनखडीच्या भेगांतून जमिनीत उतरते आणि काही मैलांवर इलम येथे पुन्हा वर येते. मधल्या पात्रात नुसते गोटे. पूल आहेत, नदी नाही, रेल्वे नाही, आणि माणसे पुलावरून चालत आहेत, असे ते दृश्य असते.

सगळेच गोड झाले असे मात्र नाही. वेटन मिलपासून स्वेन्स्लीच्या बोगद्यापर्यंतचा दीड-दोन मैलांचा भाग पुढे मोटारींना मोकळा करण्यात आला. वॉर्डलांची दृष्टी गाडीपासून वाचविणाऱ्या त्या बोगद्यातून आज मोटारी जातात आणि पायी चालणारास भिंतीला चिकटून उभे राहावे लागते. सार्वजनिक संस्थेच्या हाती जमीन आली म्हणजे तिचे रक्षण आपोआप होते असा ज्यांचा समज असेल, त्यांनी हा टप्पा चालून पाहावा.

मॅनिफोल्डचा धडा इंग्लंडने लगेच गिरविला असेही नाही. मार्च १९६३ मध्ये डॉक्टर बीचिंग यांचा अहवाल निघाला आणि तोट्यातील मार्ग व २,३०० हून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस झाली. त्यानंतर बंद पडलेल्या मार्गांच्या जमिनी बहुधा तुकड्यातुकड्यांनी विकल्या गेल्या; पूल पाडले, खिंडी बुजविल्या. आज एखाद्या गावाला तशी वाट हवी असली तर ती दर मैलाला अडते. पीक डिस्ट्रिक्टच्या उद्यान-मंडळाने तेवढी शहाणपणाची चाल केली. ॲशबर्नहून बक्सटनकडे जाणाऱ्या मार्गाची पट्टी त्याने १९६८ मध्ये सलग विकत घेतली आणि १९७१ साली ‘टिसिंग्टन ट्रेल’ म्हणून खुली केली. अमेरिकेत १९६७ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील एलरॉय ते स्पार्टा या जुन्या मार्गावर तशीच वाट झाली, आणि १९८३ साली तर तेथे कायदाच झाला की, बंद होणारी पट्टी तुकडे न करता वाट म्हणून राखावी आणि पुढेमागे रेल्वेला तिची गरज लागली तर ती परत मिळावी. ही दुसरी अट आम्हांला विशेष मार्मिक वाटते. वाट करणे म्हणजे रेल्वेची चिता रचणे नव्हे, हे त्या कायद्याने मान्य केले.

आता शेवटी बार्शीकडे परत येऊ. १९५४ साली सरकारने बार्शी लाइट विकत घेतली आणि या शतकाच्या आरंभीच्या दहा-बारा वर्षांत तिचे रूळ रुंदमापी झाले. मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर या मार्गाने मोठ्या गाड्या जाऊ लागल्या. हे उत्तमच झाले, त्याबद्दल दुःख करण्याचे कारण नाही. परंतु रुंदमापी मार्ग सर्वत्र जुन्याच जागेवरून गेला नाही. जुनी गाडी जिल्ह्याच्या मुख्य शहराला, धाराशिवला, टाळून जात असे. नव्या मार्गाला ते शहर गाठण्यासाठी वळण दिले. त्यामुळे पांगरी आणि येडशी यांच्या दरम्यान रामलिंगच्या डोंगरातून जाणारी कॅल्थ्रॉपच्या कंपनीची जुनी वाट सुटली. रामलिंगचे देवस्थान सर्वांस ठाऊक आहे. श्रावणात तेथे किती गर्दी होते तेही ठाऊक आहे. भोवतालचे रान १९९७ पासून अभयारण्य आहे. म्हणजे एका बाजूला देव, दुसऱ्या बाजूला रान, आणि त्यांच्यामधून इंजिनाच्या मापाने आखलेली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना झेपेल अशा चढाची वाट.

मॅनिफोल्डच्या वेळी कौन्सिलने जे विचारले तेच येथे विचारावयाचे आहे. ही पट्टी कोणाच्या नावावर आहे, ती सलग आहे का, तिच्यावरचे पूल उभे आहेत का? रेल्वे, वनखाते आणि जिल्हा परिषद या तिघांच्या दप्तरांत याची उत्तरे असतात. ती एका टेबलावर आणावी लागतील, आणि तीही मधले चार पूल पडण्यापूर्वी आणि सातबाऱ्यावर पन्नास नावे चढण्यापूर्वी. अभयारण्यात माणसांची वर्दळ किती होऊ द्यावी हा प्रश्न वनखाते काढील, आणि तो रास्त आहे. तेथे मोटारीला मज्जाव हवा हेही उघड आहे. स्टॅफर्डशायरमध्ये शेवटची गाडी मार्च १९३४ मध्ये गेली आणि वाट जुलै १९३७ मध्ये मोकळी झाली. एवढ्या कामाला त्यांना सव्वातीन वर्षे लागली होती.